मुख्य सभासद

"मुख्य सभासद कोण?" काउंटरवरच्या मुलीनं फॉर्मवर पेन टेकवून विचारलं.

मुलगा बोलणारच होता, पण त्याच्या आधी मावशी म्हणाल्या, "मी."

मुलानं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. वर्गणी तो भरणार होता, कामावरच्या मालकाच्या हातापाया पडून व्हॅन त्यानं आणली होती, आणि ही सगळी कल्पनाही त्याचीच. शहराबाहेर हे नवं घाऊक दुकान निघालं होतं. दुकान कसलं, गोदामच ते. सभासद झाल्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय नाही. वर्षाची वर्गणी भरायची, फोटोचं कार्ड घ्यायचं, आणि मग साबणापासून टायरपर्यंत काय हवं ते घाऊक भावात न्यायचं. सुटं मात्र काही मागायचं नाही. चष्म्याच्या ज्या दुकानात मुलगा कामाला होता तिथला एक जण सहा महिने या जागेचे गोडवे गात होता. तेव्हा साबण, तेल, कागद असलं टिकाऊ सामान एकदम भरून टाकावं, चार पैसे वाचवावेत, एवढाच मुलाचा बेत. आईला बरोबर घेतलं ते तिला जरा घराबाहेर काढावं म्हणून.

मुलीनं कॅमेरा मावशींकडे वळवला आणि जरा कमी हसायला सांगितलं. मावशींना काही ते जमेना. शेवटी दात दिसतच फोटो निघाला. गरम गरम कार्ड हातात आलं. वर नाव, खाली ठळक अक्षरांत 'मुख्य सभासद'. मावशींनी ते दोनदा वाचलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात सारलं.

आता या मावशी कोण, ते सांगायला हवं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह होतं, तिथं त्या एकतीस वर्षं स्वयंपाकीण होत्या. एकशे ऐंशी मुली, दोन वेळचं जेवण. मुलींनी पहिल्याच वर्षी त्यांना मावशी करून टाकलं. मग फाटकावरचा रखवालदार मावशी म्हणू लागला, दूधवाला म्हणू लागला, आणि मावशींचा नवरा म्हणून कुलपं दुरुस्त करणारे त्यांचे यजमान आपोआप सगळ्यांचे काका झाले. वसतिगृहाचा नियम कडक. पुरुष माणूस फाटकाच्या आत येणार नाही म्हणजे नाही, मग तो मुलीचा बाप असो की मावशींचा नवरा. त्यामुळे मावशींच्या हातचं ते जेवण काकांनी कधी चाखलं नव्हतं. ऐकलं मात्र भरपूर होतं. शिकून बाहेर पडलेल्या मुली रस्त्यात भेटल्या की थांबवून सांगायच्या, काका, मावशींसारखी चव कुठं म्हणून नाही. काका मान हलवायचे आणि पुढं चालू लागायचे.

कारण घरची गोष्ट वेगळी होती. घरी मावशींचा स्वयंपाक खारट व्हायचा. कधीतरी नाही, रोज. मावशींची मीठ घालायची एक तऱ्हा होती. त्या कधी चाखत नसत. उकळी आली की झाकण बाजूला सारायचं, वाफेत तोंड घालून एक दीर्घ श्वास घ्यायचा, आणि वासावरून ठरवायचं की किती मुठी. मोठ्या भांड्याची वाफ अंगावर येते, तिच्यातून सगळं कळतं. घरच्या लहान पातेल्यातून वाफ येणार ती केवढी, नाकालाही पुरत नाही. आणि चिमूट हे माप त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्या चिमूट म्हणून घ्यायच्या आणि पडायचं मूठभर. मुलगा लहान असताना ताटावर बसून भोकाड पसरायचा. काका तेवढे निमूट जेवायचे आणि उठताना म्हणायचे, "छान झालंय." मावशींनी केव्हाच ठरवून टाकलं होतं की ह्यांच्या जिभेला चवच नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं त्या मनातल्या मनात म्हणायच्या, आणि त्यांना बरंही वाटायचं. घरात एक तरी माणूस तक्रार न करणारा.

आठ महिन्यांपूर्वी वसतिगृहानं स्वयंपाकघर बंद केलं. आता जेवण बाहेरून डब्यांतून येतं. मावशींना एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक भाषण मिळालं. घरी स्वयंपाक सुनेकडे गेला, आणि ते योग्यच होतं. सून औषधांच्या दुकानात कामाला, मापाची पक्की, तिच्या हातचं मीठ कधी इकडचं तिकडं होत नसे. मावशी खिडकीशी बसून मटार सोलायच्या. मटार अर्धा किलो. सोलायला सुरुवात करावी तोवर संपायचे. आठ महिन्यांत त्या बारीक झाल्या नाहीत, आजारी पडल्या नाहीत, फक्त बोलणं कमी झालं. काका एकदा मुलाला म्हणालेही होते, घर फार शांत झालंय रे.

तर अशा मावशी त्या गोदामाच्या दारातून आत शिरल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

छतापर्यंत चढवलेल्या लोखंडी मांडण्या. तांदळाच्या गोणींची भिंत. टोमॅटोचे डबे, एकेक बादलीएवढा. तेलाची पिंपं. बटाटे पोत्यात, कांदे जाळीच्या पिशव्यांत, अंडी नव्वदच्या थप्पीत. अर्धा किलो नावाची गोष्ट नजर पोचेल तिथवर नव्हती. मावशींना माहेरी आल्यासारखं झालं. आठ महिने कुणी आपल्या बोलीत बोललं नव्हतं आणि इथं सगळंच्या सगळं दुकान त्यांच्या मापात बोलत होतं.

मुलगा साबणाची गल्ली शोधायला गेला आणि तिथून त्याचं लक्ष गेलं गाद्यांकडे. दहा-बारा मिनिटं गेली असतील. परत येऊन बघतो तर आईनं हातगाडी बदललेली. मघाची जाळीची गाडी कुठं दिसेना आणि तिच्या जागी माल वाहायची सपाट गाडी. त्यावर बटाट्यांची तीन पोती, कांद्याच्या दोन मोठ्या पिशव्या, दहा किलो गाजरं, वाळवलेल्या वाटाण्यांची गोणी, तांदूळ, टोमॅटोच्या डब्यांचं खोकं आणि मीठ. मिठाचं पोतं. आणि आई एका कामगाराशी वाद घालत होती, की हे पोतं खालचं आहे, दमट असणार, वरचं काढून द्या. कामगार निमूटपणे शिडी आणायला गेला.

"आई, अगं आपण चौघं आहोत," मुलगा म्हणाला.

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. गाल लाल झाले होते, केस कपाळावर आले होते. त्या म्हणाल्या की गाडी रिकामी दिसत होती रे.

हे सगळं परत ठेवून ये, असं मुलगा म्हणणार होता. पण आईचा हा चेहरा त्यानं आठ महिन्यांत पाहिला नव्हता. त्यानं गाडीचा दांडा धरला आणि ढकलायला लागला.

बाहेरच्या दारावर एक माणूस पावती आणि माल ताडून बघत असे. त्यानं गाडीकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, आणि हॉटेल आहे का म्हणून विचारलं. मावशींनी सांगितलं, हॉटेल नाही, घर आहे. मग त्यानं सहज विचारलं, कितीजणांचं?

"एकशे ऐंशी," मावशी म्हणाल्या.

जीभ चावली खरी, पण तोवर बाण सुटला होता. त्या माणसानं पावतीवर खूण केली आणि अदबीनं दोन पावलं मागं सरला. मुलगा व्हॅनपर्यंत खाली मान घालून गेला आणि दार लावून घेतल्यावर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. पण हसून झाल्यावर त्यानं अट घातली. तो चष्म्याच्या काचा घासणारा माणूस, त्याला केसभर चूक चालत नाही. महिन्याच्या आत कार्ड परत केलं तर वर्गणी पूर्ण परत मिळते, असं फॉर्मवर लिहिलं होतं. तेव्हा हा एक महिना बघायचं. यातलं काही कुजलं, फेकावं लागलं, तर स्वस्ताई महागात पडली असं समजायचं आणि कार्ड परत करायचं. मावशींनी मान हलवली, पण एक हात पर्सवर होता.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बटाटे काकांच्या पलंगाखाली गेले. कांदे गॅलरीत टांगले. गाजरं बाथरूममधल्या टपात, त्यामुळे अंघोळ करायची तर आधी गाजरं उपसायची. टोमॅटोच्या खोक्यावर सुनेनं फळी टाकून फोन चार्ज करायची जागा केली. मिठाचं पोतं दारामागं उभं राहिलं, आणि येणारा जाणारा त्याला आधी पाहुणा समजायचा.

 सुनेनं फ्रिजच्या दारावर एक कागद लावला आणि रोज किती काय संपलं ते लिहायला लागली. सकाळी बटाटे, दुपारच्या डब्यात बटाटे, रात्री गाजर आणि बटाटे. काकांनी एकदा उकडलेला बटाटा हातात घेऊन त्याकडे इतकं निरखून पाहिलं, जणू त्यात किल्ली कुठून घालायची ते शोधताहेत. पण खाल्ला. शेजारपाजारी पाच पाच किलो देऊ केले, तर शेजाऱ्यांनी एकेक किलो ठेवून घेतले. त्यांच्याही घरात जागा तेवढीच.

मावशी सकाळी उठून पलंगाखाली वाकून बघायच्या. दिवस विसावा उजाडला तोवर बटाट्यांना कोंब फुटायला लागले होते. त्या एकेक बटाटा काढून कोंब खुडायच्या, पुसून परत ठेवायच्या, मऊ पडलेला वरच्या थरात. कार्ड त्यांनी पर्समधून काढून उशीखाली ठेवलं होतं. हे फक्त काकांना माहीत होतं, आणि काका असल्या गोष्टी बोलणारे नव्हते.

तेविसाव्या दिवशी सुनेला दुकानात उशीर होणार होता. मावशी म्हणाल्या, मी करते. पुष्कळ दिवसांनी त्यांनी पातेलं चढवलं. बटाटे, गाजर, कांदा, वाटाणे. उकळी आली तसं झाकण उघडून त्यांनी श्वास घेतला. वाफेची एक बारीकशी रेघ वर आली आणि विरून गेली. त्यांनी चिमूट घेतली. थोडी वाटली म्हणून आणखी एक घेतली.

मुलानं पहिला घास घेतला आणि पाण्याचा पेला एका दमात रिकामा केला. मावशी म्हणाल्या, दोन बटाटे आणखी टाकते, मीठ शोषून घेतील. बटाट्यांना तोटा नव्हता. पण मुलाचा त्या दिवशी दुकानात कुणाशी तरी खटका उडाला होता, तो काही हसला नाही. तो उठला, पलंगाखालचं पोतं ओढलं, वरचे मऊ बटाटे दाबून बघितले, आणि म्हणाला, "सोमवारी कार्ड परत करून येतो, आई. एक ना धड, भाराभर चिंध्या झाल्यात. आपल्याला नाही हे झेपणार."

मावशी उठल्या. आत गेल्या, उशीखालून कार्ड काढलं आणि त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवलं. मुलानं त्याच्याकडे बघितलं नाही. काकांनी ताट चाटूनपुसून संपवलं, हात धुतले, आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "छान झालंय."

इतक्यात सून आली. तिनं ताटाशेजारचं कार्ड पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला, उभ्या उभ्या पातेल्यातला एक चमचा तोंडात घातला. मग ती फ्रिजवरच्या कागदापाशी जाऊन उभी राहिली.

सकाळी दोघी सासूसुना ओट्याशी असताना सुनेनं विषय काढला. औषधाच्या दुकानात ती शिकली होती की गोळीचे तुकडे करत गेलं की माप बिघडतं, पूर्ण गोळीचं माप मात्र पक्कं असतं. रात्रभर तिनं तोच विचार केला होता म्हणे. मीठ किती घालायचं हे सासूबाईंना माहीत नाही असं नाही, फक्त त्यांच्या मुठीचे तुकडे होत नाहीत.

"आई, तुमचा हात लहान होणार नाही," ती म्हणाली. "मग भांडंच मोठं करू या की."

मावशींनी हातातला कांदा खाली ठेवला. इमारतीत अठरा घरं, लहानमोठी मिळून साठ-पासष्ट माणसं. रविवारी मागच्या अंगणात सगळ्यांचं एकत्र जेवण. जे उरलंय ते सगळं त्यात. फेकायला काही शिल्लकच राहणार नाही. सुनेनं हिशेब कागदावर लिहूनसुद्धा आणला होता. मावशींनी कागद बघितला आणि उत्साहानं नाही, तर घाबरून विचारलं, आणि तेही खारट झालं तर?

सून म्हणाली, तर सोमवारी कार्ड परत करू.

शनिवारपर्यंत मावशींना धड झोप नव्हती.  आठ महिने मूठ भरली नव्हती. हात विसरला असेल तर? पासष्ट माणसांसमोर कळणार की या बाईला काही येत नाही, एकतीस वर्षांच्या नुसत्या गप्पाच. पहिल्या मजल्यावर त्यांच्याच वसतिगृहातून शिकून गेलेली एक नर्स राहत होती. तिनं तर जिन्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की रविवारी बघाच. तिचा मावशींना रागच आला.

रविवारी सकाळी काका भांडी भाड्यानं देणाऱ्याकडून हातगाडीवर दोन मोठी पातेली आणि दोन शेगड्या घेऊन आले. रश्शाच्या पातेल्यात माणूस बसला तर डोकं तेवढं दिसलं असतं. मावशींनी त्याच्या काठावरून हात फिरवला, आत डोकावल्या, एका जागी नखानं खरवडून वास घेतला आणि सांगितलं, परत घासा.

मग त्यांचा आवाज लागला. तो आवाज सुनेनं कधी ऐकलाच नव्हता. मोठा नव्हता, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत जात होता. बटाट्याचे डोळे खोल काढा, हिरवट दिसला की बाजूला. गाजर बोटाएवढं, त्याहून बारीक नको, विरघळून जाईल. मुलगा चार बायकांच्या ओळीत सालं काढत बसला. त्यानं एक बटाटा काचेसारखा गुळगुळीत सोलून वर धरला, तर आई म्हणाली, सुंदर आहे, पण एवढ्या वेळात अकरा व्हायला हवे होते. सगळे पोट धरून हसले, तोही हसला. काकांकडे कांदे होते. कुलपांच्या बारीक स्प्रिंगा बसवणारे त्यांचे हात, कांदा असा एकसारखा चिरत होते की मावशींनाही बोलायला जागा मिळाली नाही.

दीड तासानं रस्सा उकळायला लागला. बटाटे, गाजर, वाटाणे, कांदा, टोमॅटोचे सहा डबे. मीठ राहिलं होतं. लोक ताटं घेऊन जिन्यावर, कठड्यावर, उलट्या बादल्यांवर बसले होते. लहानांच्या पोटात कावळे ओरडायला लागले होते. सून मिठाचा डबा आणि मापाचा पेला घेऊन पुढं आली. तिनं हळूच सुचवलं की आधी थोडं घालू, चाखून बघू, मग बेतानं वाढवू.

"चाखून मीठ घालायचं, तर मी कशाला हवी?" मावशी म्हणाल्या.

त्यांनी झाकण सारलं. वाफ एवढ्या जोरानं वर आली की क्षणभर त्या दिसेनाशा झाल्या. त्यांनी डोळे मिटले आणि श्वास घेतला. कांदा होता, गाजराचा गोडवा होता, टोमॅटोचा आंबटपणा अजून कच्चा होता, आणि या सगळ्यांच्या मधे एक रिकामी जागा होती. ती केवढी आहे ते त्यांना कळलं. आठ महिन्यांनी कळलं. डब्यात हात घालून त्यांनी मूठ भरली. एक. दोन. तीन. सुनेनं हातातला मापाचा पेला मागं लपवला. चार, पाच, सहा. सातवी मूठ भरली, पातेल्यावर धरली, बोटं सैल केली, आणि अर्ध्यावर मिटली. शेजारच्या बाईनं विचारलं, मावशी, अंदाज काय तुमचा? मावशी म्हणाल्या, झाकली मूठ सव्वा लाखाची. 

वाढायची वेळ आली आणि त्यांची पाचावर धारण बसली. पहिलं ताट कुणाला द्यायचं? समोर नर्स उभी होती, दुसरी कुणी होती, मुलगा होता. मावशींनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि कांद्यानं डोळे अजून लाल असलेल्या काकांना हाक मारली. कारण उघड होतं. कसंही झालं असलं तरी हा माणूस 'छान झालंय' म्हणणार. तेवढाच धीर.

काका बादलीवर बसले. त्यांनी पहिला घास घेतला.

आणि काही बोललेच नाहीत.

दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मान वर नाही. मिठाची गुळणी धरल्यासारखे नुसते जेवत होते. मावशींच्या हातात डाव तसाच राहिला. एकतीस वर्षांत हा माणूस जे दोन शब्द न चुकता बोलला, ते आज त्याच्या तोंडून निघेनात. संपलं, त्यांना वाटलं. एवढं बिघडलं की ह्यांनाही खोटं बोलवेना. त्या पातेलं सोडून त्यांच्यापाशी गेल्या आणि खालच्या आवाजात विचारलं, "अहो, काय झालं? खारट आहे का?"

काकांनी ताट मांडीवर ठेवलं. त्यांचे डोळे पुन्हा भरले होते, आणि आता कांदे चिरून तास होऊन गेला होता.

"मला वाटायचं, त्या पोरी तुझं मन राखायला बोलतात," ते म्हणाले.

मावशींना काही सुधरेना.  मग हळूहळू त्यांच्या डोक्यात शिरायला लागलं.

"म्हणजे घरचं खारट असतं हे तुम्हाला कळायचं?"

"न कळायला काय झालं," काका म्हणाले. "मुलगा लहान असताना मी रात्री उठून तांब्या तांब्या पाणी प्यायचो."

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

काकांनी ताटातला बटाटा बोटानं उगाच इकडचा तिकडं केला. "एकशे ऐंशी जणींचं करून यायचीस. पाय सुजलेले असायचे तुझे. आल्यावर परत माझं करायचीस. त्यात मीठ काय बघायचं?"

मावशींना हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. काकांनी आपला पाण्याचा पेला पुढं केला. ह्यांच्या जिभेला चव नाही म्हणून त्यांनी एकतीस वर्षं ज्या माणसाला मनातल्या मनात गाढव ठरवलं होतं, तो पुढ्यात बसून उरलेला रस्सा बोटानं पुसून खात होता. लाज वाटली, आनंद झाला, आणि या माणसाच्या गळ्यात पडावं असंही वाटलं. पण पासष्ट माणसं ताटं घेऊन उभी होती, म्हणून त्या डाव उचलून पातेल्यापाशी परत आल्या.

मग काही विचारू नका. नर्स पहिल्या घासाला ओरडली आणि सगळ्यांना सांगत सुटली की बघा, मी म्हणत नव्हते! लोक एकदा घेऊन गेले, दुसऱ्यांदा आले. भाताचं पातेलं संपत आलं तसं तळमजल्यावरच्या कुणीतरी घरून पाव आणले. मुलगा तीनदा वाढून घेऊन गेला आणि तिसऱ्या वेळी आईजवळ रेंगाळला. पलंगाखाली आता एकही बटाटा नव्हता, टपात गाजर नव्हतं. त्यानं खिशातून कार्ड काढलं, अंगठ्यानं पुसलं आणि आईच्या समोर धरलं. म्हणाला की दुसऱ्या मजल्यावरच्यांना साबण हवाय, नर्सला तांदूळ अर्धी गोणी, बाकीच्यांच्या याद्या बायको लिहून घेतेय. पुढच्या महिन्यात असंच जेवण करणार का, असंही लोक विचारताहेत. "मुख्य सभासदाशिवाय आत सोडत नाहीत," तो म्हणाला, "तेव्हा तुला यावं लागेल." मावशींचे हात रश्शानं माखले होते. त्यांनी नुसता खांदा पुढं केला, आणि मुलानं खांद्यावरच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात कार्ड ठेवून चेन लावली.

ऊन भिंतीवर चढलं होतं. डाव आता तळाला लागून खरखर वाजायला लागला होता. मावशींनी भांडं थोडं कलतं केलं आणि रांगेकडे नजर टाकली. अजून पंधरा-सोळा माणसं होती. आणि त्यांच्या मागे, अगदी शेवटी, धुतलेलं ताट छातीशी धरून काका उभे होते. त्यांच्या पुढच्या पोरानं ओळखून त्यांना पुढं जायला सांगितलं, तर त्यांनी मान हलवली. घाई नाही म्हणाले.

मावशींनी पातेल्यात बघितलं. मग परत रांग मोजली. एकतीस वर्षांत कुणाच्या ताटात त्यांनी डाव कमी पडू दिला नव्हता. मुलींना विचारा, कुणीही सांगेल. त्या दुपारी मात्र पुढच्या पंधरा-सोळा जणांना त्यांनी हसून, चौकशी करून, अगदी प्रेमानं, प्रत्येकाला अर्धा डाव कमी वाढला.